मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी

नाशिकजवळच्या जलालपूर गावात नाना गोखले नावाचे एक गृहस्थ राहत. बाजारातून घरात येणारी प्रत्येक वस्तू ते धुऊन घेत. धान्य धुणे एक वेळ समजू शकते, भाजी तर आपणही धुतो. पण नानांच्या घरी मीठसुद्धा धुतले जाई. पाण्यात घातल्यावर मिठाचे काय होते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. ते मीठ कोणत्या हातांतून, कुणाच्या गोणीतून, कुणाच्या गाडीतून आले असेल, हा विचारच त्यांना सोसवत नसे. सत्तावनच्या बंडात त्यांच्या सासऱ्यांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्यातून नाना उठले ते हे सोवळ्याचे वेड घेऊनच. माणसाच्या मनाला कुठून काय लागेल आणि ते कुठून बाहेर पडेल, सांगता येत नाही.

या घरात १८६८ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. पुढे सासरी ती लक्ष्मी झाली आणि मराठी वाचकांच्या ओळखीची झाली ती लक्ष्मीबाई टिळक म्हणून. 'स्मृतिचित्रे' वाचली नाहीत असे मराठी घर आता पुष्कळ सापडेल, पण त्यांतला एखादा धडा शाळेच्या पुस्तकात भेटला नाही असा माणूस माझ्या पिढीत तरी विरळाच. बहुतेकांच्या लक्षात राहतो तो त्यांचा विनोद, आणि नवऱ्याच्या विसरभोळेपणाचे किस्से. मला मात्र या बाईंकडे पुन्हा पुन्हा जावेसे वाटते ते वेगळ्या कारणासाठी. ख्रिस्ती धर्माचा बोध त्यांना झाला तो आधी पुस्तकातून झाला नाही. तो पाण्याच्या हंड्यापाशी झाला, चुलीपाशी झाला. पुस्तक नंतर आले.

मी आयुष्यभर बँकेत होतो. हिशेबाच्या दोन्ही बाजू पाहण्याची खोड लागली ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. थोर माणसाचे चरित्र वाचतानासुद्धा माझी नजर नावेच्या रकान्याकडे जाते. यांनी एवढे दिले ते ठीक, पण ते कुणाच्या खात्यातून गेले?

नारायण वामन टिळकांच्या बाबतीत याचे उत्तर फार शोधावे लागत नाही. १८८० साली मनूचे लग्न त्यांच्याशी झाले तेव्हा ती बारा वर्षांचीही धड झालेली नव्हती. टिळक अठरा-एकोणीस वर्षांचे, मूळचे कोकणातल्या करजगावचे. आई लवकर गेलेली, वडील तापट. नाशिकला त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि वक्तृत्व आणि कविता यांवर हुकमत मिळवली. माणूस तेजस्वी होता, प्रेमळही होता. पण एका जागी टिकणारा नव्हता. आज या गावी नोकरी, तर उद्या दुसऱ्या. मनात आले की घरात न सांगता निघून जात, आणि मागे राहिलेल्या मुलीने कधी सासरच्या तर कधी माहेरच्या माणसांच्या तोंडाकडे पाहत दिवस काढायचे. खिशात पैसे असले तर वाटेत भेटलेल्या पहिल्या गरजवंताला देऊन टाकायचे आणि घरी रिकाम्या हाताने यायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर सही न जुळवता चेक वटवण्याचा हा प्रकार. अशा खातेदाराला मी कर्ज दिले नसते.

पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवी. नव्या करारातल्या डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू सांगतो की रानातल्या फुलांकडे पाहा, आकाशातल्या पाखरांकडे पाहा, आणि उद्याची चिंता करू नका. फुलांवर आणि पाखरांवर कविता लिहिणारे टिळक हे प्रवचन वाचण्याच्या कितीतरी आधीपासून तसे वागत होते. ते वाचल्यावर आपल्या स्वभावाला आधार मिळाल्यासारखे त्यांना वाटले असेल, तर नवल नाही. मात्र उद्याची चिंता न करणाऱ्याच्या घरात ती कुणाला तरी करावी लागते. संध्याकाळी चूल पेटवायची असते तिला ते फूल आणि ते पाखरू वेगळे दिसते. लक्ष्मीबाईंनी हे कधी तत्त्वज्ञान म्हणून मांडले नाही. नवऱ्याच्या गमती सांगता सांगता त्या आपल्यालाही हसवतात, आणि हसून झाल्यावर आपल्या ध्यानात येते की त्या दिवशी या घरात शिजवायला काही नव्हते.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. बोलणे झाले, मतभेद झाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. आणखी दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले म्हणतात. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरले ते सोडले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली, आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत. त्यांच्या या कार्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, ते मी इथे पुन्हा सांगत नाही.

त्या दिवशी लक्ष्मीबाईंचे काय झाले?

बातमी आली तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी मेल्यात जमा. कुंकू लावायचे, पण ज्याच्या नावाने लावायचे त्याच्या हातचे पाणी प्यायचे नाही. विधवेला निदान समाजात एक ठरलेली जागा असते, ती कितीही वाईट असो. या बाईला तीही नव्हती. रडून रडून त्या वेड्यापिशा झाल्या. थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना सांभाळले, आणि मुलाला घेऊन त्या पंढरपुरात राहिल्या. इकडे टिळकांची पत्रे येत, मुलावरून ओढाताण होई. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि नवऱ्याकडूनच अक्षरे शिकलेल्या या बाई याच काळात मनातले दुःख कवितेत उतरवू लागल्या.

पंढरपुरात त्या राहत होत्या याचे मला नेहमी विशेष वाटते. ज्या देवळाच्या दारात चोखोबांची समाधी आहे, आणि त्या समाधीच्या पुढे चोखोबांच्या जातीला १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत पाऊल टाकता आले नाही, त्या गावात ही बाई जातीपायी मोडलेला संसार उराशी धरून बसली होती. आपण विठोबापुढे सारे सारखे म्हणतो. आणि पायरीला पायरी ठेवतो.

पाचेक वर्षे अशी गेली. मग हळूहळू, अडखळत, दोघे जवळ आले. त्या काळच्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आल्या, पण सोवळे सोडून नव्हे. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, भांडी वेगळी. नवरा ख्रिस्ती, बायको कर्मठ ब्राह्मण. एकाच छपराखाली असे दोन संसार. टिळकांचे एक मात्र मानले पाहिजे. घरात न सांगता निघून जाणाऱ्या, रागाच्या भरात काहीही करणाऱ्या या माणसाने धर्माच्या बाबतीत बायकोवर बळजबरी केली नाही. त्यांनी वाट पाहिली. मी त्यांच्या खात्यावर जी काही जमा धरतो तिच्यात ही रक्कम सर्वांत मोठी आहे.

सोवळ्यातल्या स्वयंपाकघराची कल्पना आजच्या मुलांना येणार नाही. माझ्या आजीचे सोवळे मी लहानपणी पाहिले आहे. उंच वलणीवर वाळत टाकलेले धोतर ती काठीने खाली घेई. आम्ही मुले खेळून आलो की त्या दाराशी थबकायचो. तिचे आमच्यावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण तेवढा वेळ आम्ही तिच्या दृष्टीने नातवंडे नसायचो, विटाळ असायचो. मीठ धुणाऱ्या नानांच्या मुलीच्या हाडीमासी हे किती मुरलेले असेल! आणि तरी तिच्याच मनात एक दिवस प्रश्न उभा राहिला. या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर त्याची काही खूण माणसाच्या देहावर दिसली असती. तिने उलटसुलट विचार केला आणि उत्तर काढले. माणसाने केल्या. उत्तर निघाल्यावर ते डब्यात घालून ठेवण्याचा तिचा स्वभाव नव्हता. कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे प्यायचे असे तिने ठरवले, आणि ते केले.

इथे थोडे थांबावे असे मला वाटते. कारण तोपर्यंत लक्ष्मीबाई ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या, तसे व्हायचे असेही त्यांनी ठरवले नव्हते. धर्मांतराच्या कथांत साधारणपणे आधी श्रद्धा येते आणि मग आचार बदलतो. इथे क्रम उलटा आहे. पाण्याचा पेला आधी, बाप्तिस्मा नंतर.

शुभवर्तमानात या पेल्याची गोष्ट आहे, एका ठिकाणी नव्हे, दोन ठिकाणी. मार्कच्या सातव्या अध्यायात काही कर्मठ मंडळी येशूकडे तक्रार घेऊन येतात की तुझे शिष्य हात न धुता जेवतात. ही मंडळी बाजारातून आल्यावर शुद्ध झाल्याशिवाय जेवत नसत. प्याले, घागरी, तांब्याची भांडी धुण्याचे त्यांचे कितीतरी नियम होते. येशूचा रोख असा, की बाहेरून तोंडात जाणारे काही माणसाला विटाळत नाही, विटाळते ते आतून बाहेर येणारे. हा अध्याय मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला जलालपूरच्या अंगणात मीठ धुणारे नाना दिसतात. पॅलेस्टाइनमधला तो वाद आपल्याकडच्या वाचकाला जितका चटकन कळेल तितका लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला कळणार नाही. त्याला तळटीप लागेल. आपल्याला आजी आठवली की पुरे.

दुसरी गोष्ट योहानाच्या चौथ्या अध्यायातली. भर दुपारी प्रवासाने थकलेला येशू एका विहिरीवर बसला आहे. शिष्य गावात खायला आणायला गेलेले. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. येशूजवळ दोर नाही, पोहरा नाही. आणि तो तिच्याजवळ प्यायला पाणी मागतो. ती चकित होते. आपल्याला उपदेश करायला येणारे खूप असतात, आपल्याजवळ पाणी मागणारा हा पहिलाच! पुढे पुष्कळ संभाषण आहे, त्यावर शेकडो प्रवचने झाली असतील. माझ्या मनात राहते ते हे, की सुरुवात मागण्यापासून झाली. सोवळे सोडणाऱ्या माणसालाही सहसा वाटते की आपण देणारे, आपण उदार. खालच्या म्हटलेल्या माणसाला आपण जवळ केले. लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले. घेणारा हात खाली असतो, देणारा वर. जातीची सगळी रचना या एका हालचालीत उलटी होते, आणि हे त्यांना बायबलच्या वर्गात कुणी शिकवले नव्हते.

त्यांचा बाप्तिस्मा राहुरीला झाला. नगर जिल्ह्यात मी शाखाधिकारी होतो तेव्हा, १९८८-८९च्या सुमारास, वसुलीच्या निमित्ताने राहुरीला पुष्कळदा जाणे होई. उसाचा पैसा आलेला तो गजबजलेला बाजार पाहताना लक्ष्मीबाईंच्या वेळची, छप्पन्नच्या दुष्काळातली राहुरी डोळ्यांपुढे आणणे अवघड जाई. १८९९-१९००चा तो दुष्काळ. आईबाप मेलेली किंवा टाकून दिलेली मुले मिशनच्या आश्रयाला येत होती, आणि टिळकांचे घर म्हणजे अशा मुलांची धर्मशाळा झाली. धर्मशाळेत निदान प्रवासी दुसऱ्या दिवशी जातात, ही मुले राहायला आलेली. मुलांना घरात आणणारे टिळक. त्यांच्या डोक्यातल्या उवा काढणारी, खरूज धुणारी, भाकऱ्या थापणारी लक्ष्मीबाई. हात धुण्याची जन्मापासूनची सवय अखेर कामी आली, ती अशी!

नगरला प्लेग आला. प्लेगच्या रोग्यापासून सख्खे नातेवाईक पळत त्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी आजारी मुलांची शुश्रूषा केली. यात फार मोठे काही केले असा आव त्यांच्या लिहिण्यात नाही. भीती वाटली तर वाटली म्हणून सांगतात, फजिती झाली तर तीही सांगतात. ख्रिस्ताचे नाव घेऊन आपले धैर्य मोठे करून दाखवण्याचा मोह त्यांना झालेला दिसत नाही. खरे तर 'स्मृतिचित्रे'त शास्त्रवचने फारशी भेटतच नाहीत. एका ख्रिस्ती स्त्रीच्या आत्मकथेत प्रवचन इतके कमी असावे, याचे मला पहिल्या वाचनात आश्चर्य वाटले होते. आता वाटत नाही. येशूने दिलेले दाखले तरी कशाचे आहेत? पिठात कालवलेल्या खमिराचे, झाकून न ठेवलेल्या दिव्याचे, जुन्या वस्त्राला लावलेल्या ठिगळाचे. एका बाईच्या दहा नाण्यांपैकी एक हरवते, ती दिवा लावते, घर झाडून काढते, आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. हिशेबातला एक रुपया जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत शाखेत बसलेल्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही! आणि लक्ष्मीबाई तर त्या गोष्टीतच राहत होत्या. हरवायला नाणी मात्र त्यांच्याजवळ दहा नसायची.

त्याच घरात बालकवी ठोंबरेही राहून गेले. त्या हळव्या मुलावर लक्ष्मीबाईंनी आईसारखी माया केली. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १९१७मध्ये, टिळकांनी मिशनचा पगार घेणे सोडले. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. परदेशी पैशावर न चालणारा, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्वांना ख्रिस्ताच्या पायाशी बसवणारा तो एक बंधुसंघ व्हावा, ही त्यांची कल्पना. कल्पना मोठी होती. परक्याच्या पगारावर देशी भक्तिमार्ग उभा राहत नाही हे त्यांचे म्हणणे मला पटते. पण पंचावन्न वर्षांच्या माणसाने ठरलेली आवक सोडायची म्हणजे काय, हेही मला कळते. लक्ष्मीबाई यावर चिडल्या असतील, रडल्या असतील, शेवटी बरोबर गेल्या. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

लक्ष्मीबाई तेव्हा एकावन्न वर्षांच्या होत होत्या. आमच्या बँकेत पती वारल्यावर खाते नावावर करून घ्यायला येणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे पाहिल्या. ज्यांच्या नवऱ्याने सारे व्यवस्थित ठेवलेले असते त्या पुष्कळदा बावरून जात. ज्यांना आयुष्यभर टाक्याला टाका घालावा लागलेला असे त्या काउंटरवर ताठ उभ्या राहत. लक्ष्मीबाई दुसऱ्या जातकुळीतल्या. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली. पुढे काही काळ कराचीत काढला. परका मुलूख, परकी भाषा. पण माणसे जोडण्याची विद्या त्यांनी कुठेही नेली तरी चालत असे.

आणि त्यांनी एक काम हाती घेतले. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते, 'ख्रिस्तायन' नावाने. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्याने सुरू करून सोडून दिलेली किती कामे या बाईने जन्मभर निस्तरली असतील. हे त्यांतले सर्वांत मोठे. पंडित नवऱ्याच्या मोजक्या अध्यायांपुढे अक्षरओळखीवर आलेल्या बायकोचे चौसष्ट. ओवी त्यांना परकी नव्हती. आपल्याकडे बायकांनी जात्यावर बसून सुखदुःख सांगितले ते ओवीतच. रामायण-महाभारत त्यांच्या कानांवरून गेले तेही ओवीतून आणि आर्येतून. बेथलेहेमचा गोठा, कानातले लग्न, विहिरीवरची ती दुपार हे सारे मराठी बाईच्या तोंडी यायचे तर दुसऱ्या कोणत्या छंदात येणार?

'स्मृतिचित्रे'चा जन्मही असाच कामाच्या पोटी झाला. मुलगा देवदत्त, म्हणजे लहानपणचा दत्तू, वडिलांच्या चरित्राची जुळवाजुळव करत होता. त्याने आईला आठवणी लिहायला सांगितल्या. त्यांनी लिहिले नवऱ्याविषयी, आणि त्यात नकळत स्वतः आल्या. मीठ धुणारे नाना त्यांनी पहिल्याच पानांत आणले आहेत, हसत हसत, आणि कुठेही त्यांचा सूड न घेता. ज्या वेडाने आपल्या बालपणाचा कोंडमारा केला आणि पुढे जे आपल्याला मुळासकट उपटून टाकावे लागले, त्याविषयी इतक्या मायेने लिहिणे मला तरी, चार कादंबऱ्या लिहूनही, जमलेले नाही. शत्रूवर प्रीती करा हे वचन लोक नेहमी फार लांबच्या शत्रूंना लावतात. आपल्या घरातल्या, आपल्याच रक्ताच्या, आपल्याला छळलेल्या माणसाला ते लावायचे तर काय करावे लागेल, याचा नमुना मला त्या पानांत दिसतो.

१९३४पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग पुस्तकरूपाने निघू लागले. वाचकांनी ते डोक्यावर घेतले. त्यांत बहुसंख्य अर्थातच हिंदू होते, आणि ज्या समाजाने या बाईला पंक्तीतून उठवले होते त्यातलेही पुष्कळ होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. चौथ्या भागाचे लेखन पुरे व्हायचे होते. देवदत्तांनी ते पुरे केले. कवितांचा संग्रह त्यांच्या पश्चात निघाला. त्याचे नाव 'भरली घागर'.